रद्दीसाठी घर

रद्दी हे एका मांजरीचं नाव आहे हे मिस्त्रींच्या बायकोला ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्या दिवशीचं भांडण गैरसमजातूनच सुरू झालं.

"ताईंची रद्दी आपल्याकडे येणार आहे," मिस्त्रींनी जेवता जेवता सांगून टाकलं.

"येऊ दे की," बायको म्हणाली. "पण ठेवायची कुठे? माळ्यावर तुमचीच वर्तमानपत्रं ओसंडून वाहतायत."

"माळ्यावर कशी ठेवणार? आंधळी आहे ती. पडेल की."

बायकोचा घास हातातच राहिला. नवऱ्याला पुन्हा काही झालं की काय, अशा नजरेनं तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग मिस्त्रींनी सगळं उलगडून सांगितलं. व्यायाम करून घेणाऱ्या ताईंची एक मांजर आहे. अकरा वर्षांपूर्वी ती त्यांना रद्दीच्या गठ्ठ्यात सापडली, मुठीत मावेल एवढी, म्हणून तिचं नाव रद्दी. गेल्या दोन वर्षांत तिची दृष्टी गेली. ताई दोन वर्षांसाठी दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जाणार आहेत, लहान मुलांवरचे उपचार शिकायला. तिथे राहायला खोली मिळणार, पण जनावर चालणार नाही. त्यांच्या भावाच्या मुलीला दमा. हॉस्पिटलातली एक मैत्रीण म्हणाली, पिल्लू असतं तर घेतलं असतं. प्राण्यांच्या आश्रमातल्या बाईंनी तर स्पष्टच सांगितलं, म्हातारी आणि त्यात आंधळी मांजर सहसा कोणी नेत नाही.

"हे सगळं त्या आज माझा गुडघा वाकवता वाकवता सांगत होत्या. माझ्याशी नाही, गुडघ्याशीच बोलत होत्या म्हण. मला राहवलं नाही. म्हटलं, इथे सोडा."

बायको उठली, आणि आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसायला लागली. ती ओरडली की मिस्त्रींना हायसं वाटायचं. ती ओटा पुसायला लागली की मात्र काहीतरी बिनसलंय हे ते ओळखायचे.

"अगं, त्यांनी मला माझा हात परत दिला. त्यांना नाही कसं म्हणू?"

"मी कुठे नाही म्हणा म्हणतेय? मला विचारा, एवढंच म्हणतेय." तिनं फडकं पिळलं. "येऊ दे तिला. पण तिची घाण मी काढणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. एकाचं करून झालंय माझं."

"मी काढेन."

"वाकून?"

मिस्त्रींनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि तो बराच वेळ खाली ठेवला नाही.

मिस्त्री म्हणजे सुतार. वर दुसऱ्या मजल्यावर घर आणि खाली रस्त्यालगत कारखाना. आसपासच्या चार गल्ल्यांतले निम्मे दरवाजे त्यांच्या हातचे. पंधरा महिन्यांपूर्वी एका सकाळी फळीवर रेघ मारताना त्यांच्या बोटांतून पेन्सिल गळून पडली. ती उचलायला वाकले ते तिथेच आडवे झाले. पक्षाघाताचा झटका होता. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि त्या जिभेनं पुढचे चार महिने घरादाराला नको करून सोडलं. चहा गार आहे. उशी उंच आहे. खिडकी उघडी का, खिडकी बंद का.

त्याच काळात ताई आल्या. अंगानं लहानखुऱ्या, खांद्याला भलीमोठी पिशवी, पिशवीत रबरी पट्टे आणि एक पिवळा चेंडू. आठवड्यातून तीन दिवस यायच्या. तो चेंडू त्या मिस्त्रींच्या उजव्या तळहातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "दाबा काका." बोटं हलायची नाहीत. एक दिवस मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी डाव्या हातानं चेंडू उचलला आणि खिडकीतून बाहेर भिरकावला. ताई दोन जिने उतरून गेल्या, चेंडू शोधून आणला, धुतला, पुसला आणि पुन्हा त्याच तळहातावर ठेवला.

"डाव्या हातात ताकद उत्तम आहे काका. आता उजव्याचं बघू."

दुसऱ्यांदा फेकला, दुसऱ्यांदा आणला. तिसऱ्यांदा चेंडू कुणाच्या तरी सायकलच्या टोपलीत पडून थेट पुढच्या चौकात गेला. ताई धापा टाकत परत आल्या तेव्हा मिस्त्रींना हसू फुटलं ते आवरेचना. मिस्त्री बरे व्हायला लागले ते त्या दिवसापासून, असा बायकोचा हिशेब. आता ते काठी टेकत कारखान्यात उतरत. रंधा धरता येई. करवत थोडी भरकटे, पण चाले.

तर आता ताई जायला नऊ दिवस उरले होते. मिस्त्रींनी कामाची सूत्रं हातात घेतली. ताईंनी फोनवर सांगितलेलं सगळं त्यांनी दाराच्या चौकटीला लागणारं माप लिहावं तसं एका फळीच्या तुकड्यावर पेन्सिलीनं लिहून घेतलं. सुरुवातीला एकच खोली द्यायची. पाणी, खाणं आणि वाळूची पेटी एकदा ठेवली ती ठेवली, जागा बदलायची नाही. टेबलखुर्च्या हलवायच्या नाहीत, कारण आंधळी मांजर पावलं मोजून चालते. हात लावण्याआधी आवाज द्यायचा. गॅलरीला जाळी हवी. आणि शेवटचं, जे ताई हसत हसत म्हणाल्या होत्या: "काका, एकदा तिच्या उंचीवरून घर बघा. आपल्याला जे दिसत नाही ते तिला लागतं."

पहिली वाळूची पेटी. बाजारात तयार मिळते, बायको म्हणाली. मिस्त्रींनी तिच्याकडे असं पाहिलं जणू तिनं त्यांना तयार दरवाजा आणायला सांगितला. कारखान्यात प्लायचे तुकडे पडलेच होते. पुढची बाजू बुटकी ठेवायची, म्हाताऱ्या पायांना चढायला सोपी, बाकीच्या तिन्ही उंच, वाळू उडू नये म्हणून. माप डोक्यात पक्कं होतं, पण उजवा हात वळणाला लागताच घसरला आणि पहिली पेटी अशी झाली की जमिनीवर ठेवली तर डुलायची. मिस्त्रींनी ती कोपऱ्यात सारली आणि दुसरी करायला घेतली. दोन दिवस गेले. कडा काचकागदानं घासून घासून गुळगुळीत केल्या. ती पेटी वर आणली तेव्हा बायकोनं तिच्यावरून हात फिरवला. ओटा काही तिनं पुसला नाही.

जाळीला दोघं लागतातच. बायकोनं जाळी ताणून धरली, मिस्त्रींनी डाव्या हातानं खिळे ठोकले. तीन नीट बसले, चौथा अंगठ्यावर बसला.

"मांजर यायच्या आधीच तुम्ही हॉस्पिटलात जाणार बहुतेक," बायको म्हणाली, आणि अंगठ्यावर पाणी ओतता ओतता तिला हसू आलं.

सातव्या दिवशी बायको बाजारात गेली होती. मिस्त्रींना फळीवरची शेवटची ओळ आठवली. तिच्या उंचीवरून घर बघा. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, टेबलाचा पाय धरला आणि हळूहळू करत फरशीवर बसले. मग आडवे झाले. झटका आल्यापासून आपणहून जमिनीवर जायची ही पहिलीच वेळ. गार फरशी पाठीला लागली. फ्रिजमागे मांजर अडकेल एवढी फट दिसली. दिव्याची एक वायर लोंबत होती. पलंगाखाली एक मोजा सापडला, ज्याच्यासाठी त्यांनी महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं.

कोपरांवर सरकत ते जेवणाच्या टेबलाखाली शिरले. टेबल त्यांनी स्वतःच केलेलं, लग्न झालं त्या वर्षी. चारही कोपरे कसे काटकोनात, त्यावर बोट कापलं जाईल असे. त्यांना वाटलं, हे कोपरे मांजरीला काय करणार, ते उंचावर आहेत. तरी सवयीनं त्यांनी टेबलावरून लोंबणाऱ्या चादरीखाली हात घातला आणि कोपरा चाचपला.

कोपरा नव्हता.

त्यांनी चादर वर केली. कोपरा घासून गोल केला होता आणि वर जाड लोकरी कापडाची पट्टी चिकटवली होती. दुसरा कोपरा पाहिला. तोही तसाच. तिसरा, चौथा. काम कोणाचं हे कळेना, पण सुताराचं नाही हे एका नजरेत कळत होतं. कानस लाकडाच्या रेषेच्या उलट चालवली होती, ओरखडे ठिकठिकाणी तसेच राहिले होते.

मग त्यांची नजर फिरायला लागली. स्वयंपाकघराच्या दारातला उंबरा. तो दोन बोटं उंच होता, त्यांनीच बसवला होता. आता त्याला दोन्हीकडून उतार होता, ओबडधोबड, रंध्याच्या पात्यानं जागोजाग खड्डे पाडलेला. सतरंजीच्या कडा बारीक खिळ्यांनी फरशीलगतच्या लाकडी पट्टीला ठोकलेल्या, निम्मे खिळे वाकलेले. पलंगाच्या टोकाला जुन्या शालीचा तुकडा गुंडाळून शिवलेला. न्हाणीघराच्या दाराची खालची कड कापलेली, दार अडकू नये म्हणून.

मिस्त्री तसेच पडून राहिले. पंधरा महिने ते याच घरात वावरले होते. धडपडले होते, चिडले होते, भिंती धरून चालले होते. दुसऱ्याच्या घरी गेले की दाराची बिजागरी कुरकुरतेय हे आधी सांगणारा हा माणूस, स्वतःच्या उंबऱ्याचा उतार त्याला दिसला नव्हता.

दार उघडल्याचा आवाज आला. मग पिशवी पडली आणि कांदे फरशीवर गडगडत गेले.

"अहो! पडलात? कुठे लागलं?"

"पडलो नाही. बघतोय."

"टेबलाखाली काय बघताय?"

"हे कोणी केलं?"

बायको वाकली. त्यांचं बोट कोपऱ्यावर होतं. ती पदर खोचून त्यांच्या शेजारी फरशीवर येऊन बसली.

"ओरडू नका हं," ती म्हणाली. "तुम्ही हॉस्पिटलात होतात ना तेव्हा. डॉक्टर म्हणाले, घरी नेल्यावर यांचा तोल जाईल, कंबर आणि डोकं सांभाळा. मी टेप घेऊन तुमची कंबर कुठे येते ते मोजलं. बरोबर टेबलाच्या कोपऱ्यावर. मग खाली कारखान्यात गेले. कुठलं हत्यार कशाला ते मला काय कळतंय! जे हातात आलं ते घेतलं. तीन दिवस लागले. तळहातावर हे एवढाले फोड. तुम्ही टेबल बघितलंत तर जीव घ्याल माझा, म्हणून वरून लांब चादर टाकली."

"रेषेच्या उलट घासलंयस."

"मला काय माहीत लाकडाला रेषा असते ते."

मिस्त्री हसायला लागले. मग हसता हसता डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं, कारण ते उताणे पडलेले होते आणि पुसायला उजवा हात वेळेवर वर येईना. बायकोनं पदरानं पुसलं.

"पंधरा महिन्यांत माझी कंबर एकदाही आपटली नाही," ते म्हणाले. "मला वाटायचं, मी सांभाळून चालतोय. ताईंचे मी शंभरदा आभार मानले असतील. त्यांची मांजर घरात घेतोय. तुझे एकदाही मानले नाहीत मी."

"माझी कुठे मांजर आहे?" ती म्हणाली.

"चेष्टा नको. मी मनापासून सांगतोय. तू नसतीस तर ताई येऊन तरी काय करणार होत्या? तीन दिवस त्या, सात दिवस तू. आणि मी तुला चहा गार आहे म्हणून..."

दोघं तसेच बसून होते, म्हणजे ती बसून आणि ते पडून. एक कांदा अजून कपाटाच्या पायाशी डुलत होता.

"तुला काय हवंय?" मिस्त्रींनी विचारलं. "खरं सांग."

तिनं विचार केला. पटकन म्हणाली नाही, यावरूनच मिस्त्रींना कळलं की हा प्रश्न तिला फार दिवसांत कुणी विचारला नव्हता.

"थोरल्या बहिणीकडे जाऊन यावंसं वाटतं," ती म्हणाली. "दीड वर्ष झालं. पण आत्ता नको. आत्ता तुमची ती रद्दी येऊ दे. आणि उठा आता, फरशी गार आहे."

उठायला दहा मिनिटं लागली. कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, एक गुडघा, खुर्ची, दुसरा गुडघा. ताईंनी शिकवलं होतं ते सगळं लागलं आणि बायकोचा खांदाही लागला.

रविवारी सकाळी ताई आल्या. खांद्याला तीच पिशवी, हातात झाकणाची टोपली. टोपलीतून आवाज येत नव्हता. ताईंनी झाकण उघडलं तेव्हा आत राखाडी रंगाचं एक गाठोडं दिसलं, गळ्यापाशी पिवळट डाग, जुन्या कागदासारखा. डोळे दुधाळ. तिनं नाक वर केलं, हवा हुंगली आणि कुणी काही म्हणायच्या आत सरपटत पलंगाखाली गेली.

ताईंनी घर पाहिलं. जाळी पाहिली, वाळूची पेटी पाहिली. पेटीच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं, जसं त्या मिस्त्रींच्या तळव्यावरून फिरवत.

"काका, ही कापणी उजव्या हाताची?"

"पहिली वाकडी झाली. ही दुसरी."

पलंगापाशी बसून त्यांनी हलक्या आवाजात रद्दीला काहीतरी सांगितलं, कुणाला ऐकू आलं नाही. निघताना दारात थबकल्या. बायको पुढे झाली आणि तिनं ताईंना जवळ घेतलं.

"निर्धास्त जा तुम्ही," ती म्हणाली. "तुम्ही आमचं माणूस सांभाळलंत. आम्ही तुमचं सांभाळू."

मिस्त्रींनी ठरवून ठेवलेलं एक लांबलचक वाक्य होतं. ते त्यांना आठवलंच नाही. त्यांनी उजवा हात पुढे केला. ताईंनी तो हातात घेतला, आणि मिस्त्रींनी त्यांचा हात जोरात दाबला.

"अरे वा," ताई रडता रडता हसल्या.

तीन दिवस रद्दी पलंगाखालून हलली नाही. पाणी प्यायची ते कुणी नसताना. खाणं तसंच पडून राहायचं. मिस्त्री अस्वस्थ झाले, चारदा फोन करायला निघाले, चारदा थांबले. ताई नव्या जागी आधीच कावऱ्याबावऱ्या असतील. शेवटी बायकोनंच युक्ती काढली. स्टूल घेऊन पलंगापाशी बसली आणि मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायला लागली. हवामान, बाजारभाव, कुणाच्या हरवलेल्या किल्ल्या.

"हे काय चाललंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"आवाजाची ओळख करून देतेय. रद्दीला रद्दी वाचून दाखवतेय. काही अडचण?"

चौथ्या दिवशी, स्थळं पाहिजेतच्या पानावर, रद्दी बाहेर आली. मिशा पुढे, मान खाली, पाऊल टाकून थांबायची, पुन्हा पाऊल. सतरंजीची कड लागली तशी तिनं ती नीट हुंगली. उंबऱ्यापाशी आली. पुढचा पंजा उतारावर पडला, वर गेला, खाली आला, आणि ती स्वयंपाकघरात पोचलीसुद्धा, जणू जन्मापासून तिथून येजा करत होती.

"बघ," मिस्त्री हळूच म्हणाले, "उलट्या रेषेचा उंबरा."

रद्दी आपटली ती एकदाच, मिस्त्रींनी मध्येच टेकवलेल्या काठीला. त्या दिवसापासून काठीला भिंतीत एक हूक मिळाला, आणि काठी तिथेच. रद्दीची मुख्य मर्जी बायकोवर बसली. दुपारी ती तिच्याच मांडीवर, संध्याकाळी तिच्याच पायाशी. मिस्त्रींच्या वाट्याला वाळूची पेटी आली. सकाळ-संध्याकाळ वाकायचं, चाळायचं, गोळा करायचं, उठायचं. पहिल्या आठवड्यात कण्हत, दुसऱ्यात बडबडत, तिसऱ्यात न बोलता. ताईंनी फोनवर हे ऐकलं तेव्हा म्हणाल्या, "काका, एवढा व्यायाम मला तुमच्याकडून कधी करून घेता आला नसता."

दीड महिन्यानं मिस्त्रींनी बायकोला बहिणीकडे धाडलं. धाडलं म्हणजे तिची बॅग स्वतः कपाटातून काढून दारात आणून ठेवली आणि तिला सांगितलं, की आता तू गेली नाहीस तर ही बॅग इथेच राहील आणि रद्दी रोज तिला धडकेल. ती चार दिवसांसाठी गेली. जाताना तिनं दारातच अर्धा तास सूचना दिल्या. गोळ्या, गॅस, पाणी, मांजर. मिस्त्रींनी सगळं त्याच फळीच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं.

पहिल्या दिवशी तिचे सात फोन आले. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी सकाळचे दहा वाजले तरी एकही आला नाही. मिस्त्रींना चैन पडेना, तेव्हा त्यांनीच लावला. फोन मेहुणीनं उचलला.

"भावोजी, ती झोपलीय अजून," मेहुणी कुजबुजत म्हणाली. "लहानपणीसुद्धा इतका वेळ झोपली नव्हती कधी. उठवू का?"

"नको," मिस्त्री म्हणाले. "नको, नको. अजिबात उठवू नका. आणि चारच दिवस म्हणाली असली तरी आठवडाभर ठेवून घ्या. इथे आमचं दोघांचं झकास चाललंय."

पलीकडे मेहुणी काहीतरी बोलत होती. इकडे रद्दी खुर्चीच्या पायाला अंग घासत रिकाम्या वाटीपाशी गेली आणि तिथे बसून, अगदी हक्कानं, ओरडायला लागली.

"येतो गं बाई, येतो," मिस्त्रींनी आधी आवाज दिला, आणि मगच ते उठले.